ध्वनिमुद्रिकेवरील अनुक्त नावे : मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक आणि संयोजक

१९५० नंतरच्या दशकात वर्धा, हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगाव येथे ज्याच्या घरी अथवा शेजारी रेडिओ होता, त्यास अमुक चित्रपटगीत कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर बसल्या जागी मिळत असे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले होते. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव केला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाल्यावर त्यांपैकी पुष्कळसे परत आले. केंद्र कोणतेही असो, निवेदनाचा साचा हळूहळू एकच होत गेला. चित्रपट, गायक, संगीतकार आणि पुढे गीतकार एवढी नावे सांगितली की निवेदकाचे काम संपे. गाण्यात याखेरीज आणखी कोणी आहे, अशी शंका श्रोत्यास येण्याचे कारण नव्हते.

तथापि साडेतीन मिनिटांच्या तबकडीचा बराच भाग शब्दांवाचूनच असे. गीताच्या आरंभीचे वादन, दोन कडव्यांमधील वाद्यसंगीत, गायकाच्या स्वरामागून वाहणारी व्हायोलिनांची दुसरी धून आणि या सर्वांखालचा ठेका हे सारे ऐकणाऱ्याच्या स्मरणात चालीइतकेच घट्ट बसलेले असते. लग्नसराईत गावोगावची बँडपथके हीच गाणी क्लॅरिनेट व ट्रंपेट यांवर वाजवीत, तेव्हा शब्द तर गळूनच पडत. पण कडव्यांमधील वाद्यसंगीत मात्र इमानाने वाजविले जाई, कारण ते सोडले तर वऱ्हाडी मंडळींना गाणे अपुरे वाटे. मिरवणुकीतील अनाम वादक अशा वेळी मुंबईतील एखाद्या अनाम वादकाची कानावरून हुबेहूब नक्कल करीत असे आणि त्या दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसे.

हे अनामत्व केव्हा व कसे उत्पन्न झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. संगीतकारांनी सहकाऱ्यांची नावे हेतुतः दडविली, असे एक सोपे उत्तर दिले जाते. व्यक्तिगत कृपणतेची उदाहरणे असतीलही. परंतु पन्नास वर्षे टिकलेल्या प्रथेचा उलगडा काही व्यक्तींच्या स्वभावावरून होत नाही. कामाची वाटणी, मोबदल्याची रीत, तबकडीच्या लेबलावरील जागा आणि अखेरीस कायद्याची भाषा यांनी मिळून हे अनामत्व घडविले असे दिसते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर साथीदार निनावी असणे ही जुनी रीत मुळीच नव्हती. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगास जाणारा रसिक बालगंधर्वांना ऐकावयास जाई हे खरे. पण सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा बसणार आहेत, हेही त्यास ठाऊक असे. साथीदार रंगमंचापुढे समोरच बसत. त्यांचे चेहरे, त्यांच्या लकबी, गायकनटाशी होणारा त्यांचा सवालजवाब हा प्रयोगाचाच भाग होता. नाट्यसंगीताविषयी मराठीत जे आठवणीपर लेखन झाले, त्यात म्हणूनच साथीदारांना नावानिशी स्थान आहे. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा हार्मोनियमवादक तर स्वतःच त्या इतिहासाचा एक कर्ता आणि लेखक ठरला.

ही डोळ्यांना दिसणारी साथ ध्वनिमुद्रणाने अदृश्य केली. १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे झाली. त्या काळच्या तबकड्यांवर गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असत. गोहरजान यांची ती उद्घोषणा प्रसिद्धच आहे. सारंगीवाल्याने किंवा तबलजीने असे नाव उच्चारल्याचे कोणाच्या आठवणीत नाही. तबकडीच्या मधल्या वर्तुळाकार कागदावर गीताचा आरंभ, गायक, राग आणि कंपनीचा क्रमांक एवढेच मावे. चित्रपट बोलू लागण्याच्या तीस वर्षे आधीच वादकाचे नाव गळण्यास असा आरंभ झाला होता.

चित्रपटसंस्थांच्या पहिल्या पिढीत मात्र परिस्थिती वेगळी होती. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी घ्या. तेथे वादक मासिक वेतनावर होते. केशवराव भोळे किंवा मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली तेच ते वादक वर्षानुवर्षे काम करीत. श्रेयनामावलीत त्यांची नावे नसली तरी ते संस्थेचे माणूस होते. त्यांना कामाचे स्थान होते आणि संस्थेच्या स्मृतीत त्यांची नोंद होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर स्वतंत्र निर्मात्यांचा सुळसुळाट झाला, पगारी कलावंतांच्या संस्था एकेक करून मोडत गेल्या, आणि १९५३ मध्ये प्रभातही बंद पडली. वादक आता कोणत्याच संस्थेचा राहिला नाही. सकाळी ताडदेवला, दुपारी दादरला आणि रात्री आणखी कोठे, अशी त्याची दिनचर्या झाली. ज्या चित्रपटासाठी तो वाजवी त्याचे नाव त्याला ठाऊक असेच असे नाही. गाणे कोणावर चित्रित होणार हे तर क्वचितच. हजेरी, वादन आणि रोख मोबदला एवढ्यापुरता त्याचा त्या कृतीशी संबंध उरला.

याच सुमारास मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांची संख्या झपाट्याने वाढली. या घटनेची कारणे संगीताबाहेर शोधावी लागतात. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना प्रार्थनासंगीतासाठी पाश्चात्त्य स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवावयास शिकवीत. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात या कौशल्याला गिऱ्हाईक थोडे. ब्रिटिश हिंदुस्थानात पुष्कळ. संस्थानिकांचे बँड, लष्करी वाद्यवृंद, मूकपटांची थिएटरे, आगबोटी, रेल्वेच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्लब आणि मोठी हॉटेले यांत गोमंतकीय वादक दोन-तीन पिढ्या पोसले गेले. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास निरनिराळ्या गावांचे कूड होते, तेथे नव्याने आलेल्याची सोय होई. १९४७ नंतर गोरा श्रोता निघून गेला. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि नृत्यगृहांची रया गेली. नेमक्या त्याच वर्षांत चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे होते. हॉटेलात जॅझ वाजविणारा ट्रंपेटवाला चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला येऊन बसला तो असा.

या वादकांजवळ एक गोष्ट अशी होती की जी बहुतेक हिंदुस्थानी संगीतकारांजवळ नव्हती. ते कागदावरील संगीत पाहताक्षणी वाजवू शकत. संगीतकार चाल बांधी ती हार्मोनियमवर, गुणगुणून, तोंडाने. पन्नास-साठ वादकांना ती चाल कानावरून शिकविणे म्हणजे एका गाण्यास आठवडा लागावा. मधली योजना म्हणून अरेंजर, अर्थात संगीत संयोजक, हा नवा माणूस उभा राहिला. संगीतकार गाऊन दाखवी ते तो पाश्चात्त्य लिपीत उतरवी, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करी, स्वरसंगती योजी आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी हातात काठी घेऊन वाद्यवृंद चालवी. श्रेयनामावलीत तो आलाच तर ‘सहायक’ म्हणून येई. गोमंतकीय संयोजकांखेरीज पारशी, बंगाली व महाराष्ट्रीय संयोजकही पुढे झाले. परंतु या पदाचा साचा गोमंतकीयांनी घडविला.

मराठी वाचकास परिचित असे उदाहरण सी. रामचंद्र यांचे आहे. रामचंद्र नरहर चितळकर यांचे संगीतशिक्षण काही काळ नागपुरास शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात आणि नंतर पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे झाले. सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ करता करता ते वर आले. रागदारीच्या या शिदोरीत त्यांच्या गाण्यांतील दक्षिण अमेरिकन नृत्यतालांचा उगम सापडत नाही. तो सापडतो त्यांचे सहायक अंतोनियो शावियर वाझ यांच्या ट्रंपेटमध्ये. हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेले वाझ हॉटेलांच्या जगात ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले होते. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात ते आपल्या साथीदारांसह एका गाण्यात प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतात. लक्षावधी प्रेक्षकांनी त्यांना पाहिले. पण पाहिले ते नृत्याच्या पार्श्वभूमीवरील शोभेची माणसे म्हणून. गाणे ऐकताना ज्यांचा हात प्रत्यक्ष कानी पडत होता तेच हे, हे किती जणांच्या ध्यानी आले असेल?

सेबास्टियन डिसोझा यांची कथा निराळी आहे. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या एका हॉटेलात स्वतःचा वाद्यवृंद चालवीत. फाळणीने ते गाव सुटले आणि ते मुंबईस आले. प्रथम ओ. पी. नय्यर यांच्यासाठी आणि नंतर १९५२ पासून सुमारे वीस वर्षांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांच्यासाठी त्यांनी संयोजन केले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गायकाच्या ओळीमागे व्हायोलिनांची एक स्वतंत्र ओळ चालत असते. ती गायकाच्या स्वराला झाकत नाही आणि त्याच्या मागे फरपटतही नाही. गायक थांबला की ती बोलते, गायक वर चढला की बहुधा खाली उतरते. जाणकार वादक ही धाटणी सेबास्टियन यांची म्हणून ओळखतात.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. अलीकडे या विषयाकडे लक्ष वेधले गेल्यापासून दुसऱ्या टोकाचे एक मत प्रचलित होऊ पाहत आहे. संगीतकार नुसती शीळ घालीत आणि उरलेले सर्व संगीत संयोजकच निर्माण करीत, असे त्याचे स्वरूप आहे. हे मत टिकणारे नाही. सेबास्टियन यांनीच नय्यर यांच्याकडे केलेले काम आणि शंकर-जयकिशन यांच्याकडे केलेले काम शेजारी ठेवून ऐकावे. संयोजक एक असूनही दोहोंचा ध्वनी भिन्न आहे, आणि तो भेद संगीतकाराच्या रुचीचा आहे. उलटपक्षी संयोजक म्हणजे केवळ लेखनिक, हेही खरे नव्हे. कारण गायकाच्या ओळीमागील ती दुसरी ओळ संगीतकाराने गाऊन दाखविलेल्या चालीत नव्हतीच. काही संगीतकार कडव्यांमधील वाद्यसंगीत स्वतः सुराबरहुकूम सांगत, काही नुसती कल्पना देत, काही ते सर्वस्वी सहायकावर सोपवीत. एकाच संगीतकाराने निरनिराळ्या गाण्यांत निरनिराळ्या रीती अवलंबिल्या असणे शक्य आहे. तेव्हा ‘गाणे कोणाचे’ हा प्रश्न प्रत्येक गाण्यापुरता वेगळा सोडवावा लागतो. संशोधकाला हे गैरसोयीचे आहे, पण त्यास इलाज नाही.

आता वादकांकडे वळावे. येथे सर्वांची स्थिती सारखी नव्हती, आणि भेदाचे कारण मनोवेधक आहे. रामनारायण १९४९ मध्ये मुंबईस आले आणि चित्रपटांत सारंगी वाजवू लागले. शिवकुमार शर्मा यांचे संतूर १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये ऐकू आले. हरिप्रसाद चौरसिया यांनी १९६० नंतरच्या दशकात असंख्य गाण्यांत बासरी वाजविली. तबकडीवर यांचीही नावे नव्हती. पण मैफलीचे दार त्यांना उघडे होते. तेथे मिळविलेल्या कीर्तीच्या प्रकाशात त्यांचे चित्रपटवादनही मागाहून उजळून निघाले. व्हायोलिनांच्या तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या गोमंतकीयास असे दुसरे दार नव्हते. स्वरलेखन वाचण्याचे त्याचे जे कौशल्य त्याला काम मिळवून देई, तेच त्याला बदलण्याजोगाही करी. कागद पुढे ठेवला की आज हा, उद्या तो, ध्वनी तोच. जे लिहिता येते ते कोणीही वाजवू शकतो, आणि जे कोणीही वाजवू शकतो त्याला नावाची गरज उरत नाही.

याउलट जे लिहिता येत नव्हते, त्याला नाव चिकटले. दत्ताराम वाडकर हे शंकर-जयकिशन यांच्याकडील तालविभागाचे सहायक. ढोलकीवर त्यांनी बसविलेला एक विशिष्ट, उसळता ठेका वादकांच्या बोलीत ‘दत्ताराम ठेका’ या नावाने रूढ झाला. आजही एखाद्या ताल-वादकास ‘दत्ताराम लाव’ म्हटले की अधिक काही सांगावे लागत नाही. तबकडीच्या लेबलाने नाकारलेले नाव व्यवसायाच्या बोलीने असे जपून ठेवले. १९५७ मधील ‘अब दिल्ली दूर नहीं’पासून दत्ताराम स्वतंत्र संगीतकार झाले, तेव्हा ते लेबलावरही आले, पण आले ते संगीतकार म्हणून, वादक म्हणून नव्हे. हाच क्रम इतरत्र दिसतो. सी. रामचंद्र यांचा उल्लेख वर आलाच आहे. लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवीत, प्यारेलाल व्हायोलिन. १९६३ च्या ‘पारसमणि’पर्यंत त्यांची गणना अनामांतच होती. ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटातील पुंगी ही मुळी पुंगी नव्हेच. कल्याणजी यांनी क्लेव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर तो आवाज उत्पन्न केला होता. गावोगावचे गारुडी तो आवाज पुंगीवर काढावयास शिकले, इतका तो लोकांना अस्सल वाटला. कल्याणजी आणि रवी दोघेही पुढे संगीतकार झाले म्हणूनच ही हकीकत आज सर्वतोमुखी आहे. ते वादकच राहते तर ‘नागिन’ची पुंगी कोणी वाजविली, हे आज सांगता आले असते की नाही याची शंकाच आहे.

मराठी भावगीताच्या क्षेत्रात प्रभाकर जोग यांचे उदाहरण अपवादात्मक आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. सुधीर फडके यांच्या साथीला, तेथे आणि पुढे शेकडो जाहीर कार्यक्रमांत, जोग यांचे व्हायोलिन होते. साथीदार रंगमंचावर दिसू लागताच त्याला नाव मिळते, या नाट्यसंगीताच्या काळातील अनुभवाची ही पुनरावृत्तीच म्हणावी लागेल. पुढे जोग यांनी गीतांचे शब्दही ऐकू यावेत अशा रीतीने केवळ व्हायोलिनवर गाणी वाजविली आणि ‘गाणारे व्हायोलिन’ ही त्यांची ओळख झाली. म्हणजे वादकाने गायकाची जागा घेतली, तेव्हा त्याचे नाव ध्वनिमुद्रिकेवर आले.

गायकांचे नावही तबकडीवर आपोआप आलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर गायिकेचे नाव प्रथम ‘कामिनी’ असे होते. ते चित्रपटातील पात्राचे नाव. गाणाऱ्या लता मंगेशकर कोण, हे जाणण्यासाठी श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केल्याची हकीकत सर्वपरिचित आहे. त्यानंतर थोड्याच काळात पार्श्वगायकाचे नाव लेबलावर स्थिरावले, आणि फिल्मफेअरने १९५९ पासून पार्श्वगायनास पारितोषिक ठेवले. रेडिओवर गीतकाराचे नाव सांगितले जावे म्हणून साहिर लुधियानवी यांनी आग्रह धरला होता, असे सांगतात. गायक आणि गीतकार यांनी हे मिळविले. वादकांना ते का मिळविता आले नाही? गायकाचा आवाज श्रोता ओळखतो, त्याच्या नावावर तबकडी खपते, आणि त्याने नकार दिला तर गाणे अडते. शंभरांतील एका वादकाने नकार दिला तर काही अडत नाही. वादकांनी एकजूट केली नाही असे नव्हे. त्यांची संघटना होती, तिने वादकांची प्रतवारी लावली, दर ठरविले, मोबदला वसूल करून दिला. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे यश थोडे नव्हे. परंतु दर ठरला तो वेळेवर, कृतीवर नव्हे. जितके तास तितके पैसे हा हिशेब एकदा उभय पक्षांनी मान्य केला की, तबकडी एक हजार खपली काय आणि एक लाख खपली काय, वादकाचा तिच्याशी संबंध राहत नाही. नावाची मागणी या हिशेबात कोठेच बसत नव्हती.

कायद्याने या स्थितीवर शिक्कामोर्तब केले. आणि ते करताना एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात ‘सांगीतिक कृती’ची व्याख्या करताना ती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे आलेखित केलेली असावी, अशी अट होती. आता मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात संगीत कागदावर लिहीत होता कोण? संगीतकार तर तोंडाने चाल सांगत होता. लिहीत होता तो संयोजक, ज्याचे नाव कोठेच नव्हते. व्याख्येचे अक्षर धरले तर कृती संयोजकाच्या कागदावर अस्तित्वात येत होती. व्यवहार धरला तर संयोजक हा दिवसाच्या मजुरीवरचा सहायक होता. हा प्रश्न न्यायालयात कोणी नेला असता तर काय निर्णय झाला असता, हा तर्काचा विषय आहे. ध्वनिमुद्रण आटोपले की ते कागद जपून ठेवण्याचीही रीत नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची अट गेली. संगीत रचणारा तो रचनाकार, मग त्याने ते लिहून ठेवलेले असो वा नसो, असे ठरले. संगीतकाराची बाजू त्यामुळे निर्वेध झाली, आणि संयोजकाचा कागद होता त्याहूनही निरुपयोगी झाला.

तत्पूर्वी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निर्णय दिला होता. निर्मात्याने मोबदला देऊन संगीत करवून घेतले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास हक्काचा प्रथम स्वामी निर्माता, असा त्याचा आशय होता. संगीतकाराचीच जेथे ही गत, तेथे वादकाची कथा काय? त्या निर्णयास जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. भारतीय संगीतात सादर करणाऱ्याचे कर्तृत्व रचणाऱ्याहून कमी नसते, तरीही कायदा रचणाऱ्यालाच ओळखतो आणि गाणाऱ्याला ओळखत नाही, अशा अर्थाची खंत त्यात आहे. सादरकर्त्याचा हक्क भारतीय कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. व्याख्येत अभिनेता, गायक, वादक, नर्तक यांच्या पंक्तीस गारुड्यालाही बसविले आहे, हे ‘नागिन’च्या संदर्भात गमतीचे वाटेल. पण सादरकर्त्याने आपले सादरीकरण चित्रपटात समाविष्ट करण्यास एकदा संमती दिली की त्याचा हक्क संपे, अशीही तरतूद होती. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले.

२०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यास व्यापारी उपयोगातील मानधनाचा वाटा आणि आपले नाव सांगितले जाण्याचा नैतिक हक्क दिला. मात्र सादरकर्त्याच्या व्याख्येला एक परंतुक जोडले गेले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे, आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीसह कोठेही केला जात नाही, त्यास, एक मर्यादित अपवाद सोडता, सादरकर्ता समजू नये, असे त्याचे तात्पर्य आहे. हे परंतुक प्रामुख्याने गर्दीतील माणसांसाठी असावे आणि वाद्यवृंदातील वादकास ते लागू होऊ नये, असा युक्तिवाद करता येईल. तरीही त्यातील विचारसरणी इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखी आहे. रिवाज म्हणून ज्याचे नाव दिले गेले नाही, त्याचे नाव नसणे हाच आता त्याच्या विरुद्धचा पुरावा होऊ शकतो.

या सर्व काळात वादकांनी स्वतःचे असे संगीत निर्माण करण्याचा प्रयत्न केलाच नाही काय? दोन माणसांचा उल्लेख येथे केला पाहिजे. ट्रंपेटवादक व संयोजक फ्रँक फर्नांड यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार १९४६ मध्ये मसुरीस त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि आपल्या वाद्यावर भारतीय संगीत आणले पाहिजे, ही प्रेरणा त्यांना तेथे मिळाली. सेवाग्रामच्या त्या वृद्ध रहिवाशाचा मुंबईच्या जॅझवादकावर असा परिणाम व्हावा, ही घटना वर्ध्याच्या वाचकास तरी दुर्लक्षिण्याजोगी वाटणार नाही. फर्नांड यांनी पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट निर्माण केले. दुसरे अँथनी गोन्साल्विस. मडगावजवळील माजोर्डे येथे १९२७ मध्ये जन्मलेले हे व्हायोलिनवादक संयोजक म्हणून नावाजलेले होतेच. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ध्वनिमुद्रणगृहात जे वादक दुसऱ्यांची गाणी वाजवीत, त्यांच्याकडून त्यांनी आपल्या नावाचे संगीत वाजवून घेतले. प्रयत्न फार टिकला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले, आणि परतल्यावर गोव्यात निवृत्त जीवन जगले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या आग्रहाने त्यांचे नाव गाण्यात घातले गेले, आणि ते देशभर दुमदुमले. मात्र ज्यांनी ते गायले त्यांपैकी बहुतेकांनी ते एका काल्पनिक पात्राचे नाव समजूनच गायले.

ध्वनिमुद्रणाची ही पद्धती १९८० नंतर मोडू लागली. एका खोलीत सर्वांनी मिळून एका दमात गाणे वाजवावयाचे, एक चुकला की सर्वांनी पुन्हा, ही रीत बहुपट्टी यंत्रांनी अनावश्यक ठरविली. पुढे सिंथेसायझरने व्हायोलिनांच्या रांगाच उठविल्या. १९९० नंतरच्या दशकात ए. आर. रहमान यांच्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे छापली जाऊ लागली. पण तोपर्यंत नावे छापण्याइतके वादक थोडे झाले होते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

अभ्यासकापुढे आता जी साधने आहेत ती विरळ आहेत. करारपत्रे बहुधा झालीच नाहीत, स्वरलेखनाचे कागद गेले, लेबले मूक आहेत. ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखतींवरून लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये आला. नरेश फर्नांडिस यांचा मुंबईतील जॅझवरील ग्रंथ २०१२ मध्ये. दोहोंचा आधार मुख्यतः माणसांची स्मृती हा आहे. तीस-चाळीस वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीत सांगणारा स्वतः अंमळ मोठा होतो आणि शेजारी बसलेला अंमळ लहान. हे सर्वच आठवणींचे होते. म्हणून आठवणीची फेरतपासणी तबकडीवर करावी लागते, आणि तबकडी ऐकून धनुष्याची ओढ कोणाची, फुंक कोणाची हे सांगू शकेल असा कान त्या खोलीत बसलेल्यांचाच. मराठीत हे काम नीटपणे सुरू झालेले नाही. दत्ताराम २००७ मध्ये गेले, सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंह २०१० मध्ये, गोन्साल्विस २०१२ मध्ये, केर्सी लॉर्ड २०१६ मध्ये आणि प्रभाकर जोग २०२१ मध्ये.